टायगरला मेळघाटात प्रवेश नाही

मे महिन्यात अकोल्यात कुत्र्याइतका समंजस जीव दुसरा नसतो. माणसं भर दुपारी वरातीत बँडसमोर नाचतात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून मोटारसायकलवरून लग्नपत्रिका वाटत फिरतात आणि संध्याकाळी 'लय ऊन लागलं बॉ' म्हणत कांदा फोडून हुंगत बसतात. कुत्रं मात्र सकाळी नऊलाच नळाखालच्या ओल्या मातीत खड्डा उकरतं, त्यात पोट टेकवतं आणि दिवस मावळेपर्यंत कोणाच्याही वरातीला जात नाही. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावलं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. जमावबंदी होती ती उन्हामुळे. शहरातल्या कुत्र्यांना त्या आदेशाची प्रत द्यावी लागली नाही. ती आधीपासूनच पाळत होती.

याच शहरात हौसेने सैबेरियन हस्की पाळणारी घरं आहेत. बर्फावर गाडी ओढायला जन्मलेला तो प्राणी कूलरसमोर चारी पाय ताणून पडलेला असतो आणि घरातली माणसं त्याच्या पलीकडे जेवढा वारा पोचेल तेवढ्यावर भागवतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य कूलर, आणि तो ४५ अंशांत फारसा चालत नाही. मग खरा कूलर रात्रंदिवस चालतो. महिनाअखेरीस विजेचं बिल येतं, घरातला कर्ता पुरुष ते दोनदा वाचतो आणि त्याच्या तोंडून ते ऐतिहासिक वाक्य निघतं: "एवढ्या पैशात तं चिखलदरा होते!"

वऱ्हाडातल्या कौटुंबिक सहलीचा उगम साधारण असा असतो. काश्मीर, मनाली, कूर्ग ही नावं घरातल्या पोट्ट्यांनी घ्यायची आणि बाबांनी सोयाबीनचा भाव सांगून ती खोडायची, हा रिवाज आहे. उरतो चिखलदरा. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण, उंची ११०० मीटरच्या वर. हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये ते 'शोधलं' असं सांगतात. त्याआधी तिथे राहणाऱ्या कोरकू आणि गवळी लोकांना ते सापडलेलंच होतं, पण त्यांनी तशी नोंद केली नाही. तिथे कॉफी होते, रबडी मिळते, पावसाळ्यात ढग खिडकीतून आत येतात आणि उन्हाळ्यात अकोल्याहून आलेला माणूस पहाटे पाच वाजता चादर अंगावर ओढून 'पाह्य, थंडी वाजून राह्यली' असं अभिमानाने बायकोला उठवून सांगतो.

स्वस्तातल्या सहलीचा विक्रमही याच डोंगरावर झालेला आहे. स्थानिक श्रद्धेप्रमाणे ही विराटाची नगरी. पांडवांनी अज्ञातवासाचं वर्ष इथे काढलं, कीचकाला भीमाने इथल्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात अंग धुतलं. हिशेब पाहिला तर सहा माणसांचं कुटुंब, मुक्काम पूर्ण एक वर्ष, राहणं-जेवण यजमानाकडे आणि वरून पगार. धर्मराज राजाशी फासे खेळायचा, भीम मुदपाकखान्यात, अर्जुन नाच शिकवायला, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, द्रौपदी राणीच्या वेण्या घालायला. एवढी काटकसर पुढे कोणत्याही अकोलेकराला जमलेली नाही. मात्र त्या मुक्कामात त्यांच्याबरोबर कुत्रा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

आधुनिक कुटुंबाबरोबर असतो. त्याचं नाव बहुधा टायगर.

वऱ्हाडात कुत्र्यांच्या नावांची यादी फार लांब नाही. मोती, राजा, शेरू, टॉमी, टायगर. यातला टायगर हा हमखास पिवळट अंगाचा, एक कान मोडलेला आणि दिवाळीत लक्ष्मीबॉम्ब वाजला की पलंगाखालून दोन दिवस न निघणारा देशी कुत्रा असतो. त्याच्यासाठी कोणी कागदपत्र केलेली नसतात. तो एका पावसाळ्यात फाटकातून आत आला, आजीने शिळी पोळी टाकली आणि विषय संपला. सहलीचं ठरलं की सगळ्यात आधी त्याचाच विषय निघतो. "टायगरले कुठी ठेवतं?" हा प्रश्न आजी विचारते, आणि त्यानंतर अर्धा तास कोणी सहलीबद्दल बोलत नाही.

पर्याय तीन असतात. पहिला शेजार. शेजारच्या काकू हो म्हणतात, पण ज्या स्वरात म्हणतात त्यावरून टायगर परत येईल तेव्हा त्याचं वजन किती असेल याचा अंदाज येतो. दुसरा पर्याय गावाकडचं शेत. तिथे आधीचे तीन कुत्रे आहेत आणि शहरातल्या पाहुण्याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. तिसरा पर्याय पाळीव प्राण्यांचं वसतिगृह. त्याचं रोजचं भाडं बाबा फोनवर विचारतात, फोन ठेवतात आणि म्हणतात, "एवढ्यात तं मी राहीन तिथी." अशा रीतीने टायगर सहलीला निघतो. त्याच्यावरच्या प्रेमाचा यात वाटा असतोच, पण निर्णायक मत हिशेबाचं पडतं.

न्यायचं कसं, हा पुढचा घोळ. रेल्वेच्या नियमाप्रमाणे कुत्रा स्लीपरमध्ये चालत नाही, एसी टू किंवा थ्रीमध्येही नाही. प्रथम वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित केलात तर तो तुमच्याबरोबर बसेल, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या श्वानपेटीत एकटा. म्हणजे बाबांनी आयुष्यात कधी प्रथम वर्गाने प्रवास केला नाही, तो टायगरमुळे घडण्याची शक्यता असते. पण परतवाड्याच्या बाजूला आता रेल्वेच जात नाही. जायची ती शकुंतला. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, नॅरोगेज, मालकी ब्रिटिश कंपनीची, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, आणि हे अंतर कापायला साधारण चार तास. ती असती तर टायगरला डब्यात बसवण्याची गरज नव्हती. तो बाजूबाजूने पळत गेला असता, मध्ये दोन-चार ओळखी करून घेतल्या असत्या आणि तरी अचलपूरला गाडीच्या आधी पोचला असता. अकोल्याहून सातपुडा ओलांडून खांडव्याला जाणारी मीटरगेजही मेळघाटातूनच जायची. धूळघाटाला रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढायचे आणि प्रवासी खिडकीतून आपल्याच गाडीचा मार्ग खाली बघायचे. रुंदीकरणासाठी ती बंद झाली आणि नवा मार्ग वाघांच्या जंगलातून न्यायचा की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. एसटीत पायाशी कोंबड्या बांधून नेणारी माणसं वऱ्हाडाने पाहिली आहेत, पण टायगरला घेऊन कंडक्टरसमोर उभं राहायची हिंमत घरात कोणाची नसते.

शेवटी गाडी. पाच जणांची, त्यात सात माणसं आणि टायगर. अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा रस्ता ठरतो. डिकीत तिखट-मिठाच्या पुऱ्या, आलूची भाजी, ठेचा, कच्च्या चिवड्याचं साहित्य वेगवेगळ्या पुड्यांत, पाण्याच्या दोन कॅन, सतरंजी, गॅसची छोटी शेगडी आणि 'असू द्या' या सदरातल्या अनेक वस्तू. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की निघण्याआधी काही तास कुत्र्याला खायला घालू नका, घाटात ओकतं. आजी हे शांतपणे ऐकते आणि निघायच्या आधी दूध-पोळी घालते. "उपाशी कसा नेता जी जनावराले?" मग टायगरच्या बाजूच्या सीटवर आठवड्याभराचे पेपर अंथरले जातात. बाबा गाडी सुरू करताना दोनदा बजावतात की टायगर ओकला तर खर्च आजीच्या खात्यात.

आणि ही सगळी वरात मेळघाटाच्या नाक्यावर थांबते.

इथे थोडं खरं बोलायला हवं. परतवाड्याहून वर चिखलदऱ्याच्या रस्त्याने गाडीतून कुत्रा नेणं ही एक गोष्ट आणि त्याला व्याघ्र प्रकल्पात फिरायला नेणं ही दुसरी. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. आज गाभा आणि भोवतालचं क्षेत्र मिळून तो २,७०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठा आहे. सेमाडोह, कोलकास, हरिसाल ही नावं वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळकरी सहलीत येतात. सिपना नदीच्या काठावरचं कोलकासचं विश्रामगृह तर मराठी माणसाच्या 'एकदा जाऊ' यादीत कायमचं आहे. पण सफारी असो की मुक्काम, पाळीव कुत्रा बाहेर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात शिरायला माणसालाच परवाना लागतो, तिथे टायगरची काय कथा.

नाक्यावरचा संवाद ठरलेला असतो.

"साहेब, तुमी आतमंदी जा, कुत्रं नाई जात."

"आमचा टायगर कोनाले काही करत नाही जी."

"नाव काय म्हनलं?"

"टायगर."

वनरक्षक रजिस्टर मिटतो. "आतमंदी आहेत तेवढे पुरे आहेत."

या प्रसंगी कोणीतरी महाभारत काढतंच. धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोचला तेव्हा भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडले होते, बरोबर फक्त एक कुत्रा उरला होता. इंद्र म्हणाला, तू रथात बस, कुत्र्याला जागा नाही. धर्मराज म्हणाला, मग मीही येत नाही. दाखला जोरदार आहे, पण तो घेणाऱ्यांनी पुढचं वाचलेलं नसतं. तो कुत्रा प्रत्यक्ष यमधर्म निघाला, त्याला कोणता रोग नव्हता आणि स्वर्गात सांसर्गिक रोगाने मरणारं कोणी नव्हतं. मेळघाटात आहे.

नियम आडमुठा वाटतो, पण त्याच्यामागे मेलेले सिंह आहेत. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने तपासले तेव्हा कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा मूळचा कुत्र्यांचा रोग; शिंकेतून, लाळेतून पसरतो. बाकीच्या सिंहांसाठी अमेरिकेतून लस मागवावी लागली. त्याआधी १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले, आणि रशियातल्या आमूर वाघांनाही तो सोडत नाही. 'आमचा कुत्रा काही करत नाही' हे मालकाचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. जे करायचं ते विषाणू करतो, आणि त्याच्या स्वभावाची हमी कोणत्याही मालकाला देता येत नाही. वनरक्षकाशी हुज्जत घालणाऱ्याने टायगरला डिस्टेंपरची लस शेवटची कधी टोचली होती ते आठवून पाहावं. बहुतेकांना रेबीजच्या इंजेक्शनपलीकडे काही आठवत नाही.

मेळघाटात कुत्रे अजिबात नाहीत असं मात्र नाही. रानकुत्रे आहेत, कोळसुंदे. तांबूस अंग, काळं शेपूट, कळपाने शिकार; ते भुंकत नाहीत, शीळ घालतात. त्यांना परवाना लागत नाही, कारण जागा त्यांची आहे. दुसरे आहेत सरकारी नोकरीतले. वाघाची कातडी, हाडं, खवल्या मांजराचे खवले हुंगून काढणारी प्रशिक्षित पथकं देशभरात २००८ पासून तयार होऊ लागली. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला त्यांतल्या अनेकांचं शिक्षण झालं आणि महाराष्ट्राच्या वनविभागानेही असे श्वान घेतले. म्हणजे कुत्र्याला वाघाच्या जंगलात शिरायचंच असेल तर दोनच वाटा आहेत: जन्माने कोळसुंदा व्हावं किंवा परीक्षा पास होऊन शासकीय सेवेत लागावं. टायगरचं दोन्हीत जमण्यासारखं नाही. हुंगण्याचा त्याचा अनुभव मोठा आहे, पण तो विशिष्ट खांबांपुरता.

कुत्र्यालाही जंगलात धोका कमी नाही. बिबट्याला कुत्रा आवडतो, आणि हे गावगप्पांतलं ज्ञान नाही. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात (वऱ्हाडातलं अकोला नव्हे, नगरकडचं अकोले; तरी वाचून अकोल्यात काही घरांचे दरवाजे लवकर लागायला हरकत नाही) बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळीपेक्षा जास्त. अमरावतीजवळच्या पोहऱ्याच्या जंगलात बिबटे आहेत, चिखलदऱ्याच्या भोवती आहेत. अमरावती विद्यापीठाच्या परिसरातही ते फिरून जातात. तेव्हा 'जंगलात मोकळा सोडला की कसा खुश होते पाह्य' असं म्हणून पट्टा काढणाऱ्या माणसाला प्राणिप्रेमी म्हणता येत नाही. तो वाढपी आहे.

मग नाक्यावरून परत फिरल्यावर यादी आखडत जाते. गाविलगड? १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो लढून घेतला. टायगरला मात्र घेता येणार नाही, कारण किल्ला व्याघ्र प्रकल्पात येतो. अकोटजवळचा नरनाळा? अभयारण्य. काटेपूर्णेचा तलाव, चौशिंग्यांचं रान? तेही अभयारण्य. मुक्तागिरीला धबधबा सुंदर आहे, पण ते जैनांचं तीर्थ. ५२ मंदिरांच्या पायऱ्यांवर टायगरला आवरणार कोण? चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर पट्टा धरून नेता येतं, पण तिथे वानरं असतात. टायगरने भुंकावं, वानराने वरून नुसतं बघावं, शेपटी सोडून द्यावी आणि तेवढ्यात दुसऱ्याने मागून भुट्टा न्यावा, असा कार्यक्रम देवी पॉइंटला फुकट बघायला मिळतो. मुक्कामाला कुत्रा चालवून घेणारं हॉटेल मिळतं, तेव्हा बाबा भाडं विचारतात आणि पुन्हा वसतिगृहाची आठवण काढतात.

अशी घासाघीस करताना मे संपतो. जूनमध्ये शाळा, मग पेरणी, मग पोळा, मग दिवाळी. वऱ्हाडी बेत मरत नाही, नुसता पुढे सरकतो. आणि डिसेंबरमध्ये एखाद्या संध्याकाळी आजीलाच सुचतं ते गूगलवर शोधणाऱ्या पोट्ट्यांना सुचलेलं नसतं: "बहिरमले जाऊ ना."

परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात बहिरम आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे यात्रा सुरू होते ती जानेवारी सरेपर्यंत चालते. अख्ख्या वऱ्हाडातून आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातून माणसं येतात, राहुट्या पडतात, चुली पेटतात. यात्रेची कीर्ती दोन गोष्टींसाठी: मातीच्या हंडीत लाकडाच्या जाळावर शिजणारं मटण आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे. भांडंकुंडं, मसाला, पीठ घरून आणायचं, हंडी तिथे विकत घ्यायची, डोंगर समोर आहेच. हॉटेल नाही, बुकिंग नाही. वऱ्हाडाने कॅम्पिंग हे नाव न देता पिढ्यान्‌पिढ्या केलेलं कॅम्पिंग ते हेच.

टायगरच्या दृष्टीने तर याहून चांगली जागा नाही. बहिरम म्हणजे भैरव, आणि भैरवाचं वाहन कुत्रा. दत्ताच्या पायाशी कुत्रे असतात, खंडोबाबरोबरही असतो, पण भैरवाकडे कुत्र्याला थेट वाहनाचा दर्जा आहे. ज्याला नाक्यावरून परत पाठवलं, तो इथे देवाच्या खात्यातला कर्मचारी ठरतो. तसं कोणी त्याला बोलून दाखवत नाही. पण आजी त्याच्या कपाळालाही गंधाचं बोट लावते आणि तो ते लगेच जमिनीवर घासून काढतो.

पथ्यं इथेही आहेत. पट्टा सुटता कामा नये, कारण यात्रेत स्थानिक कुत्र्यांची संघटना मजबूत असते. अंधार पडला की त्याला राहुटीत किंवा गाडीत घ्यायचं. डोंगर जवळ आहे आणि बिबट्याला यात्रेची तारीख ठाऊक असते. हंडीतलं मटण त्याला द्यायचं नाही: तिखट, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, आणि शिजलेलं हाड फुटून त्याच्या टोकदार ढलप्या आतड्यात रुततात. हे डॉक्टर सांगतात. आजोबा मात्र टायगरच्या डोळ्यांकडे बघतात. जगातल्या कोणत्याही पशुवैद्यकीय पुस्तकाचा त्या डोळ्यांपुढे टिकाव लागत नाही, म्हणून एकाला पहाऱ्यावर बसवावं लागतं. त्याच्यासाठी बिनमिठाचं मटण चार तुकडे, हाडं काढून, आधीच बाजूला शिजवलं की भांडण मिटतं. साधा रोडगाही तो खातो, मात्र आधी तो पुरतो, मग उकरतो, मग खातो.

राहिलं कुसळ. डिसेंबरात पायथ्याचं गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत, कानांत शिरतात. वेळीच काढली नाहीत तर पू होतो. म्हणून परत निघण्याआधी अर्धं कुटुंब सतरंजीवर टायगरला आडवा पाडून कुसळं वेचत बसतं आणि उरलेलं अर्धं आजीच्या लुगड्याची वेचतं. गोचीड सापडला की पोट्टे आरडाओरडा करतात, काका चिमट्याने धरून सरळ ओढून काढतात आणि तो विषय परतवाड्यापर्यंत पुरतो.

घरी आल्यावर बाबा वहीत हिशेब मांडतात. मटण, पेट्रोल, हंडी, लाकडं, रेवड्या आणि शेवटची ओळ: गाडी धुणे, टायगरच्या बाजूची सीट. ही ओळ आजीच्या खात्यात टाकायला ते पेन उचलतात तेव्हा आजी चष्मा पुसते आणि सगळ्यांसमोर सांगते की अंजनगावच्या पुढे त्या सीटवर जो ओकला तो टायगर नव्हता, तुमचा धाकटा होता, अन्‌ त्याले दुसऱ्यांदा हंडी वाढली ती तुमीच.